डोपिंगमध्ये पकडलेल्याला पहिल्याच वेळी आजन्म बंदी का नको?

मैदानवेडा

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. २०१७ ची लंडनची वर्ल्ड चॅम्पियनशिप आठवते का, पुरुषांची शंभर मीटर फायनल? बोल्टची शेवटची वैयक्तिक रेस, सगळं स्टेडियम त्याच्यासाठी आलेलं, आणि जिंकला कोण तर जस्टिन गॅटलिन, ९.९२. अख्खं स्टेडियम त्याची हुर्यो उडवत होतं. हा माणूस आधी दोनदा पॉझिटिव्ह आलेला, २००१ ला अ‍ॅम्फेटामिन आणि २००६ ला टेस्टोस्टेरॉन. पहिली केस औषधामुळे होती, लहानपणापासून एडीडीच्या (लक्ष एकाग्र न होण्याच्या त्रासाच्या) गोळ्या चालू होत्या त्याला, ते मी धरत नाही. पण दुसरी? आठ वर्षांची बंदी कमी करून चार केली, परत आला आणि वर्ल्ड चॅम्पियन झाला. दुसरा आला कोलमन, जो पुढे २०२० मध्ये टेस्टला वारंवार न सापडल्याबद्दल बॅन झाला. म्हणजे नंतर मागे वळून बघितलं तर पहिल्या तिघांत ज्याच्यावर कधीच बंदी आली नाही असा एकटा तिसरा आलेला बोल्ट.

माझा प्रश्न साधा आहे. मुद्दाम केलंय हे सिद्ध झालं की पहिल्याच वेळी कायमचं बाहेर का काढत नाहीत? चार वर्षं म्हणजे काय, वयाच्या विशीत पकडला गेला तर पंचविशीच्या आत परत ट्रॅकवर. आणि स्टेरॉइडने कमावलेला स्नायूंचा फायदा बंदी संपली तरी पूर्ण जात नाही असंही वाचलंय, ओस्लो विद्यापीठात उंदरांवर प्रयोग झालेत त्याचे. माझी भाची ज्युनिअर गटात धावते, रोज पहाटे उठून जाते, तिला मी काय सांगू की नियमात राहा म्हणून?

स्टॉपवॉच

राग समजतो, माझाही तोच आहे, पण आजन्म बंदीचा प्रयोग करून बघितलेला आहे आणि तो कोर्टात टिकला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ब्रिटिश ऑलिंपिक असोसिएशनने १९९२ पासून नियमच केला होता, गंभीर डोपिंगमध्ये सापडला की ब्रिटनकडून ऑलिंपिक कायमचं बंद. वीस वर्षं चालला तो नियम. एप्रिल २०१२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने रद्द केला आणि त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये आधी डोपिंगमध्ये सापडलेला ड्वेन चेंबर्स शंभर मीटर पळाला, तसाच डेव्हिड मिलर सायकल रेसला उतरला. त्याच्या आधीच्या वर्षी आयओसीचाही (आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा) नियम असाच उडाला, सहा महिन्यांहून जास्त बंदी झालेल्याला पुढचं ऑलिंपिक नाही असा होता तो. लवादाचं म्हणणं असं की सगळ्यांनी मिळून वाडाचा, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेचा, एक कोड (नियमावली) मान्य केलाय, शिक्षा त्यात ठरलेली आहे, आता कोणी एकट्याने वरून आणखी शिक्षा लावायची नाही. यातून एक चांगलं झालं, लोकांचा दबाव इतका वाढला की २०१५ च्या कोडमध्ये मुद्दाम केलेल्या डोपिंगची शिक्षा दोनवरून चार वर्षं केली. चार वर्षं अशासाठी की एक ऑलिंपिक तरी नक्की हुकावं. २०२१ च्या कोडमध्ये तर परिस्थिती गंभीर असेल तर वर आणखी दोन वर्षं लावता येतात, आणि वारंवार करणाऱ्याला आजन्म आहेच.

पण माझ्या मते खरा मुद्दा वेगळाय. सायकलपटू आर्मस्ट्राँग कसा पकडला गेला बघा. वर्षानुवर्षं टेस्टवर टेस्ट दिल्या, आणि तो तेच छातीठोकपणे सांगत फिरायचा की मी एवढ्या टेस्ट दिल्यात. टेस्टने नाही पकडला त्याला. अमेरिकन डोपिंगविरोधी एजन्सीने २०१२ मध्ये सव्वीस जणांच्या साक्षी गोळा केल्या, त्यात अकरा त्याचे जुने टीममेट होते. त्यातले जे तेव्हा अजून सायकल चालवत होते त्यांना सहा सहा महिन्यांची बंदी मिळाली कारण त्यांनी तोंड उघडलं. पहिल्याच चुकीला आजन्म असतं तर यातला एक तरी बोलला असता का? कशाला बोलेल, त्याच्याकडे वाचवण्यासारखं काही उरलंच नसतं. कोडमध्ये आजही आहे, दुसऱ्यांना पकडून देण्यात भरीव मदत केली तर तीन चतुर्थांशपर्यंत शिक्षा स्थगित होऊ शकते. आपल्याला ते ऐकायला घाण वाटतं पण याच वाटेने वरचे सापडतात.

जुनीगोळाफेक

स्टॉपवॉच, मुद्दा पटला तरी तुमच्या प्रतिसादात एक माणूस कुठेच नाहीये, ज्याचं मेडल गेलं तो.

मी स्वतः गोळाफेक करायचे, फार वरच्या लेव्हलला नाही पण एवढी वर्षं केली की आमच्या ग्रुपमध्ये कोण काय घेतं हे सगळ्यांना माहीत असायचं. एका सीझनमध्ये कोणाचा थ्रो अचानक दीड मीटरने वाढतो, आवाज जाड होतो, पाठीवर पुटकुळ्या येतात, आणि कोच म्हणतो मेहनतीचं फळ आहे. आम्ही गप्प बसायचो. त्याचा राग अजून गेला नाही माझा.

अ‍ॅडम नेल्सनचं बघा. २००४ चं अथेन्स ऑलिंपिक, गोळाफेक मुद्दाम प्राचीन ऑलिंपियाच्या जागेवर ठेवलेली. नेल्सनने पहिलाच थ्रो २१.१६ टाकला आणि शेवटपर्यंत पुढे. शेवटच्या थ्रोला युक्रेनचा बिलोनोग बरोब्बर २१.१६ टाकतो. टाय झाला की दुसरा चांगला थ्रो बघतात, नेल्सनचे बाकी सगळे फाउल, त्यामुळे सिल्वर. आठ वर्षांनी साठवलेलं सॅम्पल परत तपासलं, बिलोनोग पॉझिटिव्ह. २०१३ मध्ये नेल्सनला गोल्ड मिळालं ते एका एअरपोर्टच्या फूड कोर्टमध्ये, अधिकाऱ्याच्या हातून. राष्ट्रगीत नाही, पोडियम नाही, आणि मधल्या नऊ वर्षांत गोल्ड मेडलिस्ट म्हणून जी स्पॉन्सरशिप मिळाली असती ती कोण भरून देणार?

कॅनडाची क्रिस्टीन जिरार्ड, वेटलिफ्टिंग, लंडन २०१२, तिसरी आली होती. वरच्या दोघी नंतर बाद झाल्या आणि २०१८ मध्ये तिच्या हातात गोल्ड आलं. तोपर्यंत ती खेळातून निवृत्त होऊन मुलांची आई झालेली होती.

म्हणून मी म्हणते बंदी किती वर्षांची यावर तासन्‌तास भांडतो आपण, पण बक्षिसाची रक्कम व्याजासकट परत घ्या आणि ती ज्याची होती त्याला द्या, यावर कोणी भांडत नाही. कोडमध्ये बक्षीस जप्त करून वाटायची तरतूद आहे, वसुली कुठे होते? पैसे खर्च झालेले असतात, माणूस दुसऱ्या देशात, फेडरेशन हात वर करते. पैसे परत केल्याशिवाय स्टार्ट लाइनवर पाय ठेवायचा नाही एवढी एक अट सगळीकडे कडक लावा, मग चार वर्षांनी आला तरी माझी हरकत नाही.

केमिस्टकाका

मी औषधांच्या धंद्यातला माणूस, त्यामुळे माझी काळजी वेगळीच आहे. मूळ धाग्यात लिहिलंय की मुद्दाम केलंय हे सिद्ध झालं की. इथेच सगळी मेख आहे. डोपिंगच्या कायद्यात सिद्ध करायचं ओझं उलट असतं. स्टेरॉइडसारखं काही सॅम्पलमध्ये सापडलं की गुन्हा झाला, ते तुझ्या पोटात कसं गेलं हे तू सांगायचं, आणि सांगता आलं नाही तर चार वर्षं. याला पर्याय नाही हेही खरं, नाहीतर प्रत्येकजण म्हणेल मला माहीतच नव्हतं. पण अशा व्यवस्थेवर आजन्म बंदी चढवायची तर दहादा विचार करा.

सिडनी २०००, रोमानियाची जिमनॅस्ट आंद्रेया रादुकान, सोळा वर्षांची पोर. ऑलराउंडचं गोल्ड जिंकली आणि गेलं, का तर टीमच्या डॉक्टरने सर्दीवर गोळी दिली त्यात स्यूडोएफेड्रिन. तिला त्याने काही फायदा झाला असंही कोणी म्हटलं नाही. पुढे काही वर्षं ते औषध बंदीच्या यादीतूनच काढलं होतं, आता ठराविक प्रमाणापर्यंत चालतं. मेडल मात्र गेलं ते गेलंच. दोन वर्षांनी सॉल्ट लेक सिटीत ब्रिटनचा स्कीअर अ‍ॅलन बॅक्स्टरचं ब्राँझ गेलं, विक्सच्या इनहेलरमुळे. घरी वापरायचा त्याच नावाचा इनहेलर त्याने अमेरिकेत घेतला, तिथल्या इनहेलरमध्ये घटक वेगळा होता. मी रोज बघतो ना, एकच नाव, एकच खोका, आणि देश बदलला की आतला मालमसाला बदलतो.

आता मशीन इतकी बारीक झालीत की ग्रॅमच्या अब्जाव्या भागापेक्षाही कमी सापडतं. हे चांगलंच आहे, त्यामुळेच जुनी सॅम्पल काढून चोर पकडता आले. पण तेवढंच हातातून, मलमातून, भेसळीच्या सप्लिमेंटमधूनही येऊ शकतं. टेनिसचा सिनर, त्याच्या फिजिओने स्वतःच्या कापलेल्या बोटाला क्लोस्टेबॉल (बंदी असलेलं स्टेरॉइड) असलेला स्प्रे मारला आणि त्याच हाताने मसाज केला. स्विआतेकची मेलाटोनिनची गोळी भेसळीची निघाली. तिला एक महिना, त्याला शेवटी तीन महिने. दोघांचं म्हणणं मान्य झालं आणि मला वाटतं बरोबरच झालं. पण त्यांच्याकडे वकील होते, तज्ज्ञ होते, लॅबमध्ये गोळी पाठवून रिपोर्ट मागवायला पैसे होते. विसाव्या वर्षी पहिल्यांदा फॉर्मवर सही करणाऱ्या, घरून मागच्या महिन्याची फी उसनी आणलेल्या खेळाडूकडे काय असतं? तिची केस अगदी तीच असली तरी ती चार वर्षं खाऊन बसते. आजन्म केलं तर हीच पोरं कायमची जातील आणि मोठे सुटतील.

फास्टट्विच

मला तर वाटतं सगळ्यांना मोकळीक द्या. डॉक्टरच्या देखरेखीखाली घेऊ द्या, एवढा खर्च, एवढ्या लॅब, तरी चोर पुढेच असतात. मोठी माणसं आहेत, त्यांचं शरीर त्यांचा निर्णय.

जुनीगोळाफेक

डॉक्टरच्या देखरेखीखाली हा प्रयोग एका देशाने केलाय हो. पूर्व जर्मनी. डॉक्टर सरकारी, औषध सरकारी कंपनीचं, ओरल टुरिनाबोल, निळ्या गोळ्या. बारा तेरा वर्षांच्या मुलींना सुद्धा दिल्या, व्हिटॅमिन आहेत म्हणून सांगून. हायडी क्रीगर १९८६ ला गोळाफेकीत युरोपियन चॅम्पियन झाली, हार्मोनचे इतके डोस पोटात गेले की पुढे जाऊन १९९७ मध्ये लिंगबदलाची शस्त्रक्रिया करून ती आंद्रेआस झाला, आणि त्याने स्वतः सांगितलंय की मी कोण हे ठरवायचा हक्क त्यांनी माझ्याकडून काढून घेतला. इतरांना लिव्हरचे आजार, गर्भपात, व्यंग असलेली मुलं.

शरीर त्यांचं निर्णय त्यांचा हे तेव्हा खरं असतं जेव्हा नाही म्हणायची सोय असते. मोकळीक दिली की जो घेत नाही तो हरणार, मग कोच सांगणार घे नाहीतर टीमबाहेर हो. म्हणजे नियमात राहणाऱ्याचा पर्यायच संपला. आणि ही सक्ती मोठ्यांपाशी थांबत नाही, खाली चौदा वर्षांच्या पोरीपर्यंत जाते.

बर्लिनमध्ये २००० साली खटला चालला. क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्डला बावीस महिने, डॉक्टर होप्नरला अठरा महिने, दोन्ही शिक्षा स्थगित. एक दिवस तुरुंगात नाही गेले. हा आकडा मी विसरू शकत नाही.

मैदानवेडा

सगळ्यांचे आभार. केमिस्टकाकांचा मुद्दा वाचल्यावर पहिल्या वेळी आजन्म हा आग्रह मी सोडतो, किमान सरसकट तरी. पण गोळाफेकताईंनी शेवटी जे लिहिलं त्याने डोकं जास्त तापलं. रशियाच्या फिगर स्केटर वालियेवाचं आठवा, पंधरा वर्षांची मुलगी, २०२१ च्या डिसेंबरमधलं सॅम्पल, हृदयाचं औषध सापडलं, बीजिंगमध्ये सगळ्या जगासमोर बर्फावर पडली रडली, आणि २०२४ मध्ये लवादाने चार वर्षं दिली. आजोबांचं औषध चुकून गेलं हे स्पष्टीकरण मान्य झालं नाही. ठीक, मान्य नाही, मग पंधरा वर्षांच्या मुलीला ते औषध दिलं कोणी? ती स्वतः शोधून घेऊन आली असं कोणाला वाटतं का?

बाल्को प्रकरणातही तेच, खेळाडूंना स्टेरॉइड पुरवणारी अमेरिकेतली कंपनी ती. धावपटू मॅरियन जोन्स सहा महिने तुरुंगात, तपास अधिकाऱ्यांशी खोटं बोलल्याबद्दल (त्यात एक भाग चेकच्या घोटाळ्याचा होता), आणि ज्याने ते ड्रग पुरवलं तो व्हिक्टर कॉन्टे चार महिन्यांत बाहेर.

आणि आता खरं कारण सांगतो हा धागा काढायचं. भाचीच्या ग्रुपला कोच एक पावडर देतो, मोठ्या डब्यातून सुट्या पुड्या करून, वर काही लिहिलेलं नसतं. विचारलं तर म्हणतो रिकव्हरीची आहे, सगळेच घेतात. ती सोळा वर्षांची आहे. कदाचित साधं प्रोटीन असेल. पण हा सगळा धागा वाचून मला झोप येणार नाहीये.

शिट्टी

मी स्पर्धांमध्ये शॅपरॉन म्हणून काम केलंय, म्हणजे निवडलेल्या खेळाडूला नोटीस द्यायची आणि टेस्ट होईपर्यंत त्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही. मैदानवेडा, तुमच्यासाठी आतलं चित्र सांगते, कारण लोकांना ते माहीत नसतं.

रेस संपते, पोरगी धापा टाकत असते, आई फोन करत असते, आणि मी तिच्या बाजूला चिकटलेली. मग खोली. सील केलेली भांडी समोर ठेवतात, ती स्वतः एक निवडते. आत एक बाई अधिकारी. कपडे गुडघ्यापर्यंत खाली, वर छातीपर्यंत, बाह्या कोपरापर्यंत, आणि नव्वद मिली लागतात. पळून पळून अंगात पाणी नसतं, होत नाही, दोन दोन तास बसून राहतात, पाणी पितात, रडतात पण काही जणी. (अठराच्या आतली असेल तर सोबत घरचं किंवा टीमचं माणूस थांबू शकतं, आणि अधिकारी नीट बघते की नाही हे ते बघतं, मुलीकडे बघत नाही.) झालं की ती स्वतःच्या हाताने ए आणि बी बाटलीत ओतते, झाकण फिरवते, कट कट आवाज येतो आणि मग ते हाताने उघडत नाही. शेवटी फॉर्म, मागच्या सात दिवसांत काय काय घेतलं ते सगळं लिहायचं, गोळी, सिरप, पावडर, आणि खाली सही.

ती सही एकटीची असते. पावडर देणारा कोच तेव्हा बाहेर चहा घेत असतो. मी हे इतक्यांदा बघितलंय की शिक्षा कोणाला व्हावी यावर माझं मत पक्कं झालंय. कोडमध्ये सोय आहे, अल्पवयीन खेळाडूला स्टेरॉइडसारखं काही देणाऱ्या सपोर्ट स्टाफला थेट आजन्म, आणि बॅन झालेल्या कोचबरोबर काम करणाऱ्या खेळाडूवरही कारवाई होते. अमेरिकन धावण्याचे कोच अल्बर्टो सालाझारला २०१९ मध्ये चार वर्षं मिळाली, आणि ती कोणा खेळाडूच्या पॉझिटिव्ह टेस्टवरून नाही, ईमेल, साक्षी, कागदपत्रं यावरून. म्हणजे करायचं ठरवलं तर जमतं. पण तपासाला माणसं लागतात, आणि बहुतेक ठिकाणी पैसा बाटल्यांवर खर्च होतो, चौकशीवर नाही.

स्टॉपवॉच

शिट्टी, हे वाचून बरं वाटलं की कोणीतरी आतलं लिहिलं. माझी एकच भर, शिक्षा मोठी असण्यापेक्षा पकडलं जाण्याची भीती मोठी हवी. स्पर्धेच्या दिवशीच्या टेस्टला हुशार माणूस सापडत नाही, तो आधीच बंद करतो. ऑफ सीझनला सकाळी सहाला दारावर टकटक व्हायला हवी. मोठ्या खेळाडूंना रोजचा एक तास कळवावा लागतो ना, कुठे सापडणार म्हणून, बारा महिन्यांत तीनदा चुकलं की केस, ती पद्धत खालच्या लेव्हलपर्यंत थोडी तरी आली पाहिजे.

केमिस्टकाका

मैदानवेडा, बाकी चर्चा चालू दे, तुम्ही आधी भाचीचं बघा.

पुडी आजपासून बंद, कोचला काय वाटेल याचा विचार करू नका. टाकून देऊ नका मात्र, आहे तशी पुडी बंद पिशवीत ठेवा, वर तारीख आणि कोणी दिली ते लिहा, उरलेली पण ठेवा. पुढे कधी काही सापडलं तर ती पुडी हाच तिचा एकमेव पुरावा असेल, ती नसेल तर मी वर म्हटलं तसं कुठून आलं हे तिला सांगताच येणार नाही. मग कोचला साध्या शब्दांत विचारा, मूळ डबा दाखवा, कंपनी आणि बॅच नंबरचा फोटो काढू द्या. साधं प्रोटीन असेल तर दाखवायला त्याला काहीच अडचण नसावी. डबा मिळाला तरी बॅच तपासलेली आहे असा शिक्का असेल तरच विचार करा, आणि सोळाव्या वर्षी खरं तर काही लागत नाही, जेवण पुरतं.

डबा दाखवायला टाळाटाळ केली तर राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेकडे कळवा, वाडाकडे पण थेट कळवता येतं, नाव गुप्त ठेवून. आणि ग्रुपमधल्या बाकी मुलींच्या घरच्यांना आजच फोन करा, त्या पुड्या त्यांच्याकडेही गेल्या असणार.

मैदानवेडा

बहिणीशी बोललो आत्ता. दोन पुड्या घरात आहेत, बाजूला काढून ठेवल्यात. उद्या सकाळी ट्रॅकवर मी स्वतः जातोय तिच्याबरोबर, डबा बघायला. बाकी तीन मुलींच्या घरचे नंबर मिळाले, त्यांना आता लावतोय.